टायर बाहेरून आणल्यास दुप्पट

माझ्या सख्ख्या मुलीने माझ्याकडे मोटरसायकलचे दोन टायर बसवायचे एकशे साठ डॉलर मागितले. सख्ख्या बापाकडे! काउंटरच्या पलीकडे उभी राहून, डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवत, अगदी परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. आणि हे कधी, तर तिच्या लग्नाला एक आठवडा उरलेला असताना.

मी, लमार वेंगर्ट, भांडखोर माणूस नाही. आख्ख्या पेनसिल्व्हेनियात कुणालाही विचारा. म्हणजे आमच्या विमा ऑफिसातल्या लोकांना विचारू नका, कारण तिथे माझं कामच भांडण्याचं होतं. लोक ठोकलेल्या गाड्यांची बिलं घेऊन यायचे आणि मी लाल पेनाने त्यातली मजुरी कापायचो. त्यामुळे मजुरी म्हटली की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. तो माझा दोष नाही, ती सवय आहे.

तर केंड्रा, म्हणजे माझी मुलगी, गेली सहा वर्षं बिक्सलरच्या मोटरसायकलच्या दुकानात टायर बसवते. कॉलेज अर्धं टाकून तिने हे आरंभलं. मी लोकांना सांगताना ‘दुकानाचं सगळं तीच बघते’ असं सांगायचो. पुढे मालकाचा मुलगा ट्रॉय तिला आवडला, तिला तो आवडला म्हणून आम्हालाही आवडून घ्यावा लागला, आणि दुकानाचा मालक ड्वेन बिक्सलर माझा होणारा व्याही झाला. सहा फूट उंच, पोट त्याच्याही पुढे, आणि दाढी अशी की गळ्यातला टाय बांधलाय की नाही हे त्याच्या बायकोलाही कळत नसावं.

“एका चाकाचे ऐंशी?” मी केंड्राला म्हटलं. “पाटीवर तर चाळीस लिहिलेत. बसवणं आणि बॅलन्सिंग धरून.”

“खालची ओळ वाच, पप्पा.”

खालची ओळ लाल रंगात होती. टायर बाहेरून आणल्यास दुप्पट.

“ही ओळ कुणाच्या डोक्यातून निघाली? ड्वेनच्याच असणार!”

“माझ्या,” ती म्हणाली. “लोक टपालाने स्वस्तात टायर मागवतात, बसवायला मात्र आमच्याकडे आणतात. वर आम्हालाच सांगतात, बघा किती वाचवले. मग एक दिवस मी ब्रश घेतला आणि ओळ लिहून टाकली.”

मी पण टपालानेच मागवले होते. दुकानातल्यापेक्षा सत्तर डॉलर स्वस्त पडले होते, आणि तेच मी दारातून आत शिरता शिरता मोठ्या आवाजात सांगितलं होतं. मला काय माहीत!

“अगं पण मी तुझा बाप आहे!”

“म्हणून तर आधी विचारायचंस ना! घरच्या माणसांना टायर खरेदीच्या भावात मिळतात आणि बसवणं फुकट.”

आता सांगा, हे ऐकून माणसाचं डोकं ठिकाणावर राहील का? माझंही राहिलं नाही. मी म्हणालो, “एवढं आहे तरी काय त्यात? दोन लोखंडी पट्ट्या आणि चमचाभर साबण! कुठलाही गाढव करेल!”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून माझ्याकडे बघायला लागली. मागे ट्रॉय कसलासा नट आवळत होता, त्याचाही हात थांबला. केंड्राने फडक्याला हात पुसले. बोटं काळी होती, ती तशीच राहिली.

“बरं,” ती म्हणाली. “मग कर.”

आणि वर अट घातली. बिक्सलरांच्या घरात सून मोटरसायकलवर मागे बसून चर्चला येते, पुढे मित्रमंडळींच्या तीस-चाळीस गाड्या असतात. केंड्राला आणायचा मान माझा होता, कारण लहानपणापासून ती माझ्याच मागे बसत आलीये. आधी माझ्या पट्ट्याला धरून, मग खांद्याला, मग कुठेच न धरता. “शनिवारी दहाला मी तयार असेन,” ती म्हणाली. “नवे टायर आणि सरकारी तपासणीचं नवं स्टिकर असेल तर तुझ्या मागे बसेन. नसेल तर ड्वेनच्या मागे बसेन. त्या गुळगुळीत टायरांवर मी लग्नाचा झगा घालून बसणार नाही.”

ड्वेनच्या मागे! माझी मुलगी! मी दोन्ही टायर दोन्ही खांद्यांवर अडकवून तिथून तडक बाहेर पडलो. ते करताना दाराशी मांडलेली हेल्मेटं पडली, पण मी मागे वळून बघितलं नाही.

घरी आलो तर आर्लीन, म्हणजे आमची बायको, लग्नाच्या पाहुण्यांसाठी बिस्किटांचे डबे भरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी देते एकशे साठ. विषय संपव.”

“पैशाचा प्रश्नच नाही!” मी ओरडलो.

“मग कशाचा आहे?”

“तत्त्वाचा आहे!”

“तत्त्वाला काय भाव पडतो ते नंतर सांग,” ती म्हणाली आणि पुढचा डबा उघडला. चाळीस वर्षं संसार केला हिच्याशी, पण वेळेला माझी बाजू घेईल तर शपथ.

बाजू घेतली ती शेजारच्या क्लेअर सेन्सेनिगने. क्लेअर शाळेची बस चालवून निवृत्त झालाय, आणि त्याला जगातली प्रत्येक गोष्ट स्वस्तात कशी करायची ते माहीत असतं. कुंपणावरून सगळं ऐकून तो म्हणाला, “एकशे साठ? लूट आहे ही! लमार, दुपारपर्यंत दोन्ही चाकं फिरवून देतो तुला. मी बसचे टायर बदललेत.”

पुढे कळलं की त्याने बसचे टायर बदलताना बघितलेत. पण ते पुढे.

पहिल्या दिवशी फक्त चाकं काढायची होती. मोटरसायकल अवजड, सहा सिलिंडरची. क्लेअरच्या सल्ल्याने आम्ही ती गॅरेजच्या तुळईला पट्ट्यांनी टांगली. टांगली ती छानच. चाकंही निघाली. फक्त तुळईला गॅरेजच्या दाराची मोटर लटकलेली होती, ती वाकली, आणि दार अर्ध्यावर अडकलं ते अडकलंच. त्यामुळे बिनचाकाची टांगलेली मोटरसायकल आख्ख्या गल्लीला दिसायला लागली.

आमच्या समोर व्हर्ना स्टोल्ट्झ राहते. तिला खिडकीशिवाय दुसरा उद्योग नाही. दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचा इन्स्पेक्टर, गळ्यात ओळखपत्र अडकवून, दारात हजर. नियर नावाचा बारीक आवाजाचा माणूस. “रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी बंद पडलेलं वाहन ठेवता येत नाही,” तो म्हणाला.

“बंद पडलेलं नाही. चाकं काढलीयेत.”

“चाकं नसलेलं वाहन हे बंद पडलेलं वाहन, असं नियमात आहे.”

“मग दार लावू द्या. दार लागत नाही.”

“दार दुरुस्त करायला आधी परवाना लागेल. तुळईला धक्का लागलाय. तो बांधकामात मोडतो.”

“म्हणजे गाडी दिसू द्यायची नाही, आणि झाकायचीही नाही?”

नियरने शांतपणे मान हलवली. मग एकदम हसून म्हणाला, “बाकी शनिवारी भेटतोच आहोत. बायकोने नवा ड्रेस घेतलाय.” मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे दंड करणारा माणूसही लग्नाच्या यादीत असतो. शेवटी आर्लीनने रिसेप्शनसाठी भाड्याने आणलेले पांढरे नायलॉनचे टेबलक्लॉथ त्या गाडीवर टांगले. वधूपक्षाची मोटरसायकल आता वाळत घातलेल्या धुण्यासारखी दिसायला लागली.

आता टायर. टायरची कड रिममध्ये अशी घट्ट बसलेली असते की काय सांगू, माझ्या ऑफिसातला साहेबही खुर्चीत एवढा घट्ट नव्हता. क्लेअर म्हणाला, चाक माझ्या पिकअपच्या मागच्या टोकाखाली जमिनीवर ठेव, टायरच्या कडेवर जॅक ठेव आणि जॅक चढव. गाडीच्या वजनाने कड आत जाईल. आम्ही जॅक चढवला. पिकअप वर गेली. आणखी चढवला. पिकअप आणखी वर गेली. कड जागची हलली नाही. मग अचानक असा धडाम आवाज झाला की आत आर्लीनच्या हातातला डबा पडला. एवढं सगळं होऊन एक कड सुटली होती. एका चाकाला दोन कडा, आणि चाकं दोन. बसा हिशोब करत!

पुढचं चाक पुरं करायला आख्खा बुधवार गेला. आर्लीनचा भांडी घासायचा साबण संपला. टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या घसरून माझ्या नडगीवर बसल्या. रिमवर ओरखडे पडले, ते क्लेअरने ‘चालताना दिसणार नाहीत’ म्हणून माफ केले. बॅलन्सिंगसाठी आम्ही स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांच्या पाठींवर आस ठेवून चाक फिरवलं. चाक थांबलं की जड बाजू खाली येते, तर तिच्या समोरच्या बाजूला वजन चिकटवायचं, एवढं सोपं काम. क्लेअरने मासेमारीची शिशाची वजनं आणली होती, आणि ती चिकटवली बरोब्बर जड बाजूला! “जड आहे तिथेच वजन लागतं, म्हणून तर ती जड आहे,” असं त्याने मला समजावलं. आणि मला ते पटलं. दिवसभर टायरशी झोंबल्यावर माणसाला काहीही पटतं.

गुरुवारी मागचं चाक. टायर रिमवर चढला, पण हवा धरेना. कड आणि रिम यांच्यात फट, त्यातून सगळी हवा फुस्स. क्लेअरचा पंप दम टाकायला लागला, मीही दम टाकायला लागलो. तेव्हा क्लेअर म्हणाला, “एक युक्ती आहे. शेतावर करतात. टायरच्या आत थोडं पेट्रोल शिंपडायचं आणि काडी लावायची. आतली हवा भसकन फुगते आणि कड जागेवर बसते. मी स्वतः बघितलंय.”

तेव्हा मला आठवायला हवं होतं की त्याने बसचे टायरही बघितलेच होते. मी तर विमा ऑफिसातला माणूस. असा क्लेम माझ्या टेबलावर आला असता तर लाल पेनाची गरजच पडली नसती, मी सरळ केराच्या टोपलीत टाकला असता. पण डोळ्यांसमोर ड्वेनच्या मागे बसलेली केंड्रा दिसत होती. मी काडी ओढली.

टायर बसला! खरंच बसला, ठप्प करून! मी आनंदाने ओरडलो. मग क्लेअर ओरडला, पण आनंदाने नाही. शिंपडताना पेट्रोलचा एक ओघळ गॅरेजच्या जमिनीवरून टेबलक्लॉथपर्यंत गेला होता. नायलॉन केवढ्या उत्साहाने पेटतं हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही कुंड्यांची माती टाकली, बागेची नळी आणली. तोवर व्हर्नाने फोन केलाच होता आणि गावात भोंगा वाजला होता.

आमच्याकडे आग विझवणारे गावातलेच लोक असतात, हौशी. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळत येतात. त्या दिवशी ते सगळे फायर हॉलमध्येच होते. शनिवारचं रिसेप्शन तिथेच होतं, म्हणून खुर्च्या मांडत होते. लाल बंब आमच्या दारात येऊन थांबला आणि त्यातून पहिला उतरला तो प्रमुखाचं पांढरं हेल्मेट घातलेला ड्वेन बिक्सलर. मागून ट्रॉय. मागून, कामाच्या कपड्यांत, केंड्रा.

आग विझलेलीच होती. टेबलक्लॉथ गेले, तुळई काळी झाली, मोटरसायकलला काही झालं नाही. ड्वेनने सगळीकडे फिरून पाहिलं, दाढीवरून हात फिरवला आणि फार हळू आवाजात म्हणाला, “वेंगर्ट, मला सांगायचंस ना रे. मी केंड्राकडून गुपचूप करून घेतलं असतं.”

त्यापेक्षा त्याने माझ्या अंगावर पाणी मारलं असतं तरी चाललं असतं. गल्ली सगळी गोळा झालेली. नियरसुद्धा ओळखपत्र अडकवून आलेला. मी काजळी भरलेल्या तोंडाने ते चाक उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. “काही गरज नाही कुणाच्या उपकारांची! टायर बसलाय! बघा! माझा मी बसवला!”

केंड्रा पुढे आली. चाक हातात घेतलं, फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग टायरच्या अंगावरच्या एका छोट्या बाणावर बोट ठेवलं.

“बसलाय,” ती म्हणाली. “पण उलटा.”

टायरला पुढची बाजू असते हे मला कुणी सांगितलं होतं का? कुणीही नाही! मी क्लेअरकडे बघितलं. तो कुंपणापलीकडे पोचला होता. लोक हसले असतील, मला ऐकू आलं नाही. मी बघत होतो केंड्राकडे, आणि ती हसत नव्हती. “सहा वर्षं करतेय मी हे, पप्पा,” ती म्हणाली. “दोन पट्ट्या आणि चमचाभर साबण.” आणि बंबात जाऊन बसली.

शुक्रवारभर मी गॅरेजातली काजळी घासत बसलो. आर्लीन जळालेल्या टेबलक्लॉथचे पैसे भरून आली, तेही काही न बोलता. न बोलणारी आर्लीन मी सहन करू शकत नाही. तत्त्व कुठे ठेवलंय ते मला सापडेना.

शनिवारी उजाडताच मी दोन्ही चाकं क्लेअरच्या पिकअपमध्ये टाकली आणि दुकानात गेलो. दारावर ‘घरचं लग्न, दुकान बंद’ अशी चिठ्ठी. मागचं दार उघडं होतं. आत मशीनपाशी केंड्रा उभी होती. केसांत रोलर, चेहऱ्याला पावडर, अंगात ग्रीस लागलेला डगला. माझी वाट बघत असल्यासारखी उभी होती, पण तसं म्हणाली नाही.

“दोन टायर, बाहेरून आणलेले, एकशे साठ,” ती म्हणाली. “उलटा बसवलेला काढायचे वेगळे वीस. पुढच्या चाकाची वजनं कुणी लावली?”

“क्लेअरने.”

“काढायचे पाच.”

माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. खरंच गेला. मग तो पाकिटाकडे नेला आणि सगळी रक्कम काउंटरवर मोजून ठेवली. रागाने ठेवली, हे इथे स्पष्ट सांगतो. तिने पैसे उचलून गल्ल्यात टाकले. चाक मशीनवर चढवलं, आणि मी पहिल्यांदा तिला ते काम करताना पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. पट्टी कुठे लावायची, गुडघा कुठे टेकायचा, सगळं न बघता. एकदाही चुकली नाही. नखं रंगवलेली होती, त्यातलं एक मोडलं. तिने ते दाताने तोडून थुंकून टाकलं.

पण सरकार आहे ना! तपासणीचं स्टिकर परवाना असलेल्या दुकानाच्या छपराखालीच लागतं, आणि गाडी माझ्या गॅरेजात टांगलेली. जुनं स्टिकर संपलेलं, म्हणून रस्त्यावरून चालवता येत नाही. मी घरी जाऊन चाकं लावली आणि नवे टायर लावलेली धडधाकट मोटरसायकल क्लेअरच्या ट्रेलरवर बांधून आख्ख्या गावातून मिरवत आणली. दुकानात ड्वेन उभा, सूट घालून, कोटाला फूल लावून. तपासणीचा परवाना फक्त त्याच्याच नावावर. गाडी नापास झाली असती तर नवरी त्याच्या मागे बसली असती. बाहेर त्याची गाडी चकाचक पुसून, रिबिनी बांधून तयारच होती.

तो गुडघ्यावर बसला. टायर पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला. मग म्हणाला, “मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही.”

“ड्वेन!” मी ओरडलो. “मुद्दाम करतोयस! तुला तिला न्यायचीच आहे!”

“नियमात बसत नाही, वेंगर्ट.” तो उठला, कपाटातून एक दिवा आणला, सुटाच्या बाह्या सरसावून तो बसवला, स्टिकर चिकटवलं आणि हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलन करायचंय.

“दिव्याचे अडीच डॉलर,” तो म्हणाला.

काय खानदान आहे! मुलगी अगदी योग्य घरी पडली, एवढंच म्हणतो. अडीच डॉलर दिले.

दहा वाजता केंड्रा माझ्या मागे बसली. झगा गोळा करून मांडीखाली दाबला, डोक्यावर हेल्मेट, झुळझुळीत ओढणी माझ्या खिशात कोंबलेली. पुढे सगळ्या गाड्या निघाल्या, रिकाम्या मागच्या सीटचा ड्वेन सगळ्यांत पुढे. शेतांमधल्या सरळ रस्त्याला लागल्यावर तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

“हँडल थरथरतंय का?”

“नाही.”

“एक हात सोडून बघ.”

सोडला. गाडी रेघेवर चालल्यासारखी सरळ चालली. आख्ख्या आयुष्यात माझी गाडी अशी चालली नव्हती.

“मग? जास्त घेतले?”

“जास्तच घेतलेस!” मी ओरडलो. तिने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि दोन्ही हातांनी कमरेला घट्ट धरलं, लहानपणी धरायची तसं. मी वाऱ्याने आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं. समोर काच होती, वारा लागत नव्हता, पण ते जाऊ द्या.

रिसेप्शनला बिनटेबलक्लॉथच्या टेबलांवर सगळे जेवत होते. मी हॅमचं ताट घेऊन बसलो, तर शेजारी नियर. त्याच्याकडेही मोटरसायकल आहे. तोंडात घास घेऊन म्हणाला, “वेंगर्टसाहेब, ऐकलं ते खरं का हो? दोन टायर बसवायचे एकशे साठ घेतात तुमच्या मुलीच्या दुकानात? लूट आहे ही! त्यात असतं काय एवढं? दोन लोखंडी पट्ट्या आणि—”

मी ताट टेबलावर आपटलं. हॅमचा तुकडा त्याच्या बायकोच्या नव्या ड्रेसवर उडाला असेल तर तिची माफी मागतो, त्याची नाही.

“काय असतं? सहा वर्षं असतात त्यात!” मी म्हणालो, आणि आख्खा फायर हॉल माझ्याकडे वळला. “किंमत पाटीवर लिहिलेली आहे! जमत असेल तर या, नाहीतर गॅरेजात काडेपेटी घेऊन बसा! वजनं कुठे चिकटवायची ते क्लेअर सांगेल!”

नियर बारीक आवाजात म्हणाला, “नाही, म्हणजे माझे टायर मी टपालाने मागवलेत, म्हणून विचारलं.”

पलीकडच्या टेबलावर केंड्रा केक कापता कापता थांबली होती. मोडक्या नखाच्या हातात सुरी, आणि नजर माझ्याकडे.

“मग दुप्पट,” मी म्हणालो.